'ट्रस्टी व्हा, फक्त सही लागेल' म्हणतायत, होऊ का?

नमस्कार काका. तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बँकेतून रिटायर होऊन वर्ष झालं, जुन्या मित्राचा मुलगा तालुक्याच्या गावी शाळा आणि मुलींचं वसतिगृह चालवतो, त्याच्या संस्थेतले एक विश्वस्त वारले, त्यांच्या जागी तुमचं नाव घालायचंय, आणि तो म्हणतो 'काका तुम्हाला काही करायचं नाही, वर्षातून दोनतीनदा सही लागेल, बँकेतला माणूस असला की बरं दिसतं'. आणि तुम्हाला विचारायचंय की जबाबदारी नेमकी काय येते, आणि उद्या काही झालं तर आपल्या घरापर्यंत येईल का.

मी सीए आहे, वीसेक वर्षं संस्थांची ऑडिटं आणि धर्मादाय ऑफिसातली (म्हणजे संस्थांची नोंद आणि देखरेख करणाऱ्या धर्मादाय आयुक्तांकडची) कामं करतेय, शाळा, वाचनालयं, देवस्थानं, एकदोन दवाखाने, त्यामुळे 'फक्त सही लागेल' हे वाक्य कानावर आलं की मला आधी त्या संस्थेचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे मीटिंगांच्या नोंदींची वही, बघावंसं वाटतं. सही लागणार हे खरंच आहे. पण शाळा चालवायला मुख्याध्यापक आहेत, वसतिगृहाला रेक्टर आहे, विश्वस्ताचं काम म्हणजे ती सहीच, आणि सही करण्याआधी जे वाचायचं, विचारायचं, प्रसंगी नाही म्हणायचं ते सगळं त्या सहीत येतं.

कायदा आधी उरकून घेते. आपल्याकडे बहुतेक संस्था दोनदा नोंदलेल्या असतात, एकदा १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि एकदा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली (नाव बदललं तरी सगळे अजून बॉम्बे पब्लिक ट्रस्ट अ‍ॅक्टच म्हणतात), म्हणून लेटरहेडवर दोन नंबर दिसतात. लेटरहेडवर तुम्हाला संचालक म्हणोत, कार्यकारिणी सदस्य म्हणोत, धर्मादायच्या लेखी तुम्ही विश्वस्त. त्या कायद्याच्या कलम ३६ए मध्ये सरळ लिहिलंय की संस्थेचा पैसा आणि मालमत्ता संस्थेच्या उद्देशासाठीच वापरायची आणि सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या पैशाची जेवढी काळजी घेतो तेवढी इथे घ्यायची. आता तुम्ही आयुष्यभर लोकांची कर्जप्रकरणं तपासलीत, त्यामुळे एखादे गुरुजी कदाचित म्हणू शकतील की मला हिशोबातलं कळत नाही, तुम्ही म्हणालात तर कोण ऐकणार. तो मुलगा म्हणतोय ना बँकेतला माणूस बरा दिसतो, तर तो चौकशीतही तसाच दिसतो.

गुरुजींचं नाव निघालंच आहे तर एक प्रकरण सांगते, गाव वगैरे सांगत नाही. माध्यमिक शाळा चालवणारी चांगली जुनी संस्था, बिल्डिंग फंडाचे ११ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत एफडीत होते. खजिनदारांचे साडू एका पतसंस्थेत संचालक, पतसंस्था दीड टक्का व्याज जास्त देत होती, मग काय, 'संस्थेचाच फायदा आहे' म्हणून एफडी मोडली आणि तिकडे ठेवली. ठराव सर्वानुमते मंजूर, सात सह्या. अडीच वर्षांनी पतसंस्था बुडाली. आता गंमत बघा, कलम ३५ प्रमाणे संस्थेचा पैसा शेड्यूल्ड बँक, पोस्ट, सरकारी रोखे, सरकारने मान्यता दिलेली सहकारी बँक अशा ठरावीक ठिकाणीच ठेवता येतो, पतसंस्था त्यात बसत नाही, व्याज कितीही मिळू दे. म्हणजे पतसंस्था बुडाली नसती तरी ठराव चुकीचाच होता, बुडाली म्हणून उघड्यावर आला इतकंच. चौकशी लागली, नोटिसा सातही जणांना. त्या सातांतले एक गुरुजी, रिटायर्ड, वय ७४, माझ्यासमोर बसून म्हणाले, 'ताई, मी तर त्या मीटिंगला नव्हतोच, लेकीकडे पुण्याला होतो.' मी प्रोसिडिंग बुक उघडून त्यांची सही दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले हो, शिपाई वही घेऊन घरी आला होता, खुणा करून आणल्या होत्या कुठे सही करायची त्या, मी केली.

त्यांच्या वाट्याला अजून पैसे भरणं आलेलं नाही. तारखा मात्र आल्या, जिल्ह्याच्या गावी एसटीने जायचं, साडेअकरापासून बाकावर बसायचं आणि चार वाजता पुढची तारीख घेऊन परत यायचं. कलम ४१ प्रमाणे घोर निष्काळजीपणामुळे किंवा विश्वासघातामुळे संस्थेचं नुकसान झालं असं चौकशीत ठरलं तर ती रक्कम जबाबदार माणसाकडून वसूल करायचा हुकूम होऊ शकतो, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की हो, घरापर्यंत येऊ शकतं. पण घाबरू नका, संस्थेला तोटा झाला की विश्वस्ताने भरायचा असा काही नियम नाही. नीट विचार करून, माहिती घेऊन, ठराव करून घेतलेला निर्णय पुढे फसला तर कुणी तुमच्या मागे लागत नाही. लागतात ते न वाचता केलेल्या सहीमागे.

आता ते प्रोसिडिंग बुक. संस्थेत गेलात की हे आधी मागा, मागच्या तीन वर्षांचं. मी बघताना पहिल्यांदा मजकूर वाचतच नाही, शाई बघते. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी अशा चार मीटिंगा एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या तर समजायचं की मार्चअखेरीला ऑडिटरने मागितलं म्हणून बसून लिहिलंय. मग बघायचं की हजर किती, गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, घटनेप्रमाणे होती का (घटना म्हणजे संस्थेची घटना आणि नियमावली, ती पण मागा, निम्म्या विश्वस्तांनी ती कधी बघितलेली नसते), कुणी कधी काही प्रश्न विचारल्याची नोंद आहे का. तीन वर्षांत एकाही माणसाने एकाही विषयावर वेगळं मत दिलेलं नाही, सगळं सर्वानुमते, सूचक अमुक अनुमोदक तमुक, तर ती मीटिंग होतच नसणार किंवा होत असेल तर चहापोह्याची होत असणार. माझ्या एका क्लायंट संस्थेत एक बाई दर मीटिंगला एक तरी प्रश्न विचारतात आणि तो वहीत लिहून घेतल्याशिवाय उठत नाहीत, सगळे त्यांना वैतागलेले आहेत, आणि त्या संस्थेचं ऑडिट माझं अर्ध्या दिवसात होतं.

दुसरी गोष्ट, जी बाहेरच्या माणसाला माहीत नसते, ती म्हणजे ऑडिट रिपोर्टमधलं प्रश्नोत्तराचं पान. ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक सगळे दाखवतात, छान बाईंडिंग करून, पण त्याबरोबर धर्मादायच्या नियम १९ प्रमाणे ऑडिटरला एका ठरलेल्या प्रश्नावलीची उत्तरं द्यावी लागतात. हिशोब नियमित ठेवलेत का, विश्वस्तांची संख्या घटनेप्रमाणे आहे का, मीटिंगा होतात का, कलम ३५ सोडून कुठे पैसे गुंतवलेत का, परवानगीशिवाय स्थावर मालमत्ता दिलीय का, कुणी विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का, मागच्या वर्षीच्या चुका दुरुस्त केल्या का. दोन पानं असतात फार तर. तुम्ही दुसरं काही वाचू नका, ती दोन पानं मागच्या तीन वर्षांची शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकच शेरा तिन्ही वर्षं जसाच्या तसा आला असेल तर ऑडिटर लिहून मोकळा झालाय आणि बोर्डाने वाचलेलंच नाही. (आणि शेरा एकही नसेल, सगळं अगदी गुळगुळीत असेल, तरी मला थोडी शंका येते, पण ते आमच्या धंद्यातलं आहे, इथे नको.)

त्या यादीत देणेकरी-घेणेकरी आहे ना, तिथे भली माणसं अडकतात. शिक्षकांचे पगार थकलेत, अनुदान आलेलं नाही, अध्यक्ष स्वतःचे ४ लाख घालतात, बिनव्याजी, पुढे अनुदान आलं की परत घेतात. ऐकायला किती चांगलं वाटतं. पण संस्थेने कर्ज काढायचं, मग ते बँकेचं असो की आपल्याच अध्यक्षांचं, तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, हे त्याच ३६ए मध्ये आहे. मी हे सांगितलं की लोक माझ्याकडे अशा नजरेने बघतात की या बाईला माणुसकी नाही. बिनव्याजी असलं तरी कर्ज ते कर्ज. द्यायचेच असतील तर देणगी द्या आणि पावती घ्या, परत हवे असतील तर परवानगी काढा.

तसंच जागेचं. शाळेच्या पुढच्या बाजूला चार गाळे काढले, बँकेला नाहीतर मेडिकलवाल्याला ९ वर्षांच्या कराराने दिले, भाडं चांगलं येतंय, मुलांच्या खेळाचं सामान त्यातून येतं. कलम ३६ म्हणतं की विक्री, अदलाबदल, बक्षीस यांना तर आधी परवानगी हवीच, पण इमारत किंवा बिगरशेती जमीन ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तरी हवी, शेतजमीन असेल तर १० वर्षांच्या वर. परवानगी नसेल तर तो करारच कायद्याने टिकत नाही. या कलमावरून महाराष्ट्रात जितकी भांडणं झालीयत तितकी दुसऱ्या कशावरून झाली असतील असं मला वाटत नाही, कारण गावाच्या मधोमध असलेल्या संस्थांच्या जागांना आता सोन्याचा भाव आलाय आणि ज्यांनी त्या दान दिल्या त्यांची नातवंडं अजून गावात आहेत.

नात्यागोत्याचा विषय जरा नाजूक आहे पण बोलायला पाहिजे कारण तुम्ही मित्राच्या मुलाच्या संस्थेत जाताय. संस्थेची बस त्याच्या मेव्हण्याची, वसतिगृहाचा किराणा चुलत्याच्या दुकानातून, ऑफिसची जागा बायकोच्या नावावर आणि भाडं संस्था देते, असं असू शकतं, आणि त्यात लबाडीच असेल असं नाही, तालुक्याच्या गावात बस भाड्याने देणारे असतातच किती. पण आयकर कायद्यात विश्वस्त, त्यांचे नातेवाईक यांना संस्थेच्या पैशातून वाजवीपेक्षा जास्त फायदा दिला तर करमाफीला धक्का लागतो. म्हणून करायचं काय, तीन कोटेशनं घ्यायची, ज्याचा संबंध आहे त्याने मीटिंगमध्ये तो उघड सांगायचा, त्या विषयापुरतं बाहेर जाऊन बसायचं, आणि हे सगळं वहीत लिहायचं. 'अमुक या विषयाच्या वेळी सभागृहाबाहेर होते' एवढं एक वाक्य. माझा मावसभाऊ अमेरिकेत तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या बोर्डावर आहे, तिथे करखात्याकडे दरवर्षी भरायच्या फॉर्म ९९० मध्ये विचारतातच की हितसंबंधांच्या संघर्षाबद्दल तुमची लेखी पॉलिसी आहे का, आणि तो फॉर्म कुणीही बघू शकतं. गणपतीचा मोदक कुणाकडून मागवायचा यावर त्यांच्याकडे बाहेर जाऊन बसतात म्हणे. आपल्याला हसू येतं, पण पद्धत बरी आहे.

पैशाचं बाकीचं रूटीन तुम्हाला सांगायला नको. चेकवर दोन सह्या आणि कोऱ्या चेकवर एकही नाही, हे बँकवाल्याला काय सांगायचं, तरी सांगते कारण 'सर गावाला जाणार आहेत, दोन चेकवर सही करून ठेवा' हे तुम्हाला पहिल्या तीन महिन्यांत ऐकू येईल. पावती पुस्तकांचा स्टॉक कुणाकडे, नंबर सलग आहेत का ते अधूनमधून बघा. बजेट वर्ष सुरू होण्याआधी महिनाभर धर्मादायला गेलं पाहिजे म्हणजे फेब्रुवारीअखेर, ऑडिट ३० सप्टेंबरपर्यंत, ८०जी च्या (देणाऱ्याला करसवलत मिळते त्या) देणग्यांचं स्टेटमेंट ३१ मेपर्यंत, ते चुकलं तर दिवसाला २०० रुपये लेट फी. आयकराची नोंदणीही आता कायमची राहिलेली नाही, ठरावीक वर्षांनी रिन्यू करावी लागते, ती तारीख सचिवांच्या डोक्यात असून उपयोग नाही, भिंतीवर पाहिजे. परदेशी देणगी येत असेल तर मात्र वेगळं प्रकरण, एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालचं, खातं दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत लागतं, मिळालेल्या रकमेच्या २० टक्क्यांच्या वर प्रशासनावर खर्च करता येत नाही, दुसऱ्या संस्थेला तो पैसा पुढे देता येत नाही, आणि पदाधिकाऱ्यांची आधारसकट माहिती सरकारकडे जाते. त्यांच्याकडे एफसीआरए असेल तर मला परत विचारा, त्यावर वेगळं बोलू.

आता वसतिगृह. माझा विषय हिशोब, त्यामुळे माझ्यासारखी माणसं इथे कमी बोलतात आणि ते चूक आहे, कारण मुलींचं वसतिगृह आहे म्हटल्यावर पतसंस्थेतल्या एफडीपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. रेक्टर कोण, नेमणुकीआधी पोलीस व्हेरिफिकेशन झालं का, रात्री कोण असतं, मुलींना तक्रार करायची तर रेक्टर सोडून कुणाकडे जायचं. पॉक्सो कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलामुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळूनही पोलिसांना न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, 'आधी संस्थेत चौकशी करू, नाव खराब होईल' असं म्हणायची सोय कायद्याने ठेवलेलीच नाही. आणि संस्थेत १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती पाहिजे, अध्यक्ष बाई पाहिजे, एक सदस्य बाहेरचा पाहिजे. कागदावर बऱ्याच ठिकाणी असते. समितीतल्या एकीला फोन करून विचारा की तुमची शेवटची मीटिंग कधी झाली. एका ठिकाणी त्या बाईंना आपण समितीत आहोत हेच माझ्याकडून कळलं.

तुम्ही विश्वस्त म्हणून हे सगळं स्वतः करायचं नाहीये, हेही सांगते, नाहीतर काही रिटायर्ड लोक उलटं करतात, रोज सकाळी दहाला संस्थेत जाऊन बसतात, मस्टर तपासतात, मुख्याध्यापकांना नको जीव करतात. मस्टर तपासायला क्लार्क आहे. तुम्ही हे विचारायचं की पगार वेळेवर झाले का, पीएफ भरला का, चलन दाखवा, पट किती घटला आणि का, तक्रार आली का, तिचं पुढे काय झालं.

कंपनी कायद्यातली कलम ८ कंपनी (नफा न वाटणारी) असेल, म्हणजे नावामागे फाउंडेशन वगैरे असेल आणि कंपनी रजिस्ट्रारकडे नोंद असेल, तर गोष्ट थोडी बदलते, डीआयएन (डायरेक्टरचा ओळख क्रमांक) घ्यावा लागतो आणि सलग ३ वर्षं रिटर्न भरले नाहीत तर त्या वेळचे डायरेक्टर ५ वर्षांसाठी अपात्र होतात, बाकीच्या कंपन्यांतसुद्धा. शाळा म्हणताय म्हणजे बहुधा सोसायटीच असेल.

राहिला चेंज रिपोर्ट, आणि ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, नवीन आला की ९० दिवसांत कलम २२ प्रमाणे धर्मादायला बदल अर्ज जातो, तो मंजूर झाला की परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर, म्हणजे आपण ज्याला पीटीआर (धर्मादायकडच्या विश्वस्त नोंदवहीचा उतारा) म्हणतो त्यावर नाव चढतं. तुमचं संमतीपत्र त्याला जोडतात, ते कोऱ्या कागदावर सही करून देऊ नका, तारखेसकट पूर्ण वाचून द्या. आणि जाताना, कधी ना कधी जालच, नुसता राजीनामा अध्यक्षांच्या हातात देऊन घरी यायचं नाही. पोच घ्यायची, तो मीटिंगमध्ये मंजूर झाल्याचा ठराव मागायचा, आणि बदल अर्ज दाखल झाला का ते विचारत राहायचं. माझ्याकडे असे एक डॉक्टर आले होते ज्यांनी ६ वर्षांपूर्वी राजीनामा दिला होता, राजीनाम्याची झेरॉक्स त्यांच्याकडे होती, पोच नव्हती, संस्थेत दोन गट पडून भांडणं लागली तेव्हा दोन्ही गटांच्या दाव्यात यांचं नाव, एकात वादी म्हणून आणि एकात प्रतिवादी.

तर होऊ का म्हणाल तर माझं म्हणणं असं की व्हा, चांगल्या संस्थांना वाचणारी माणसं मिळत नाहीत. फक्त हो म्हणण्याआधी त्या मुलाकडे चार गोष्टी मागा, घटना, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट त्या प्रश्नोत्तरांसकट, प्रोसिडिंग बुक, आणि पीटीआरचा ताजा उतारा. तो मनाने चांगला असेल तर आठवड्यात देईल, कदाचित जरा ओशाळून देईल. 'काका, तुमचा आमच्यावर विश्वास नाही का' असं म्हणाला तर हसून सांगा की विश्वास आहे म्हणून तर मागतोय, आणि तरी नाही मिळालं तर तब्येतीचं कारण सांगून मोकळे व्हा, मित्राशी संबंध टिकतील. उतारा हातात आला की त्यावरची नावं बोटाने एकेक मोजा आणि त्यातले आज हयात किती ते त्यालाच विचारा. मागच्या महिन्यात एका वाचनालयाचा उतारा माझ्याकडे आला, नऊ नावं होती, पाच जण वारलेले, एक कॅनडात, आणि मागच्या चार वर्षांचे सगळे ठराव सर्वानुमते.